टॉप ट्यूब की रीच? फ्रेमची लांबी सांगणारे दोन आकडे

रोड बाइकवर तासभर झाला की मान अवघडते, तळहातांना मुंग्या येतात आणि हात हूड (ब्रेकच्या लिव्हरची रबरी मूठ) सोडून हँडलच्या वरच्या सरळ भागावर येऊन टेकतात. फ्रेम लांब पडतेय, एवढं अंगाला कळलेलं असतं. मग नवी फ्रेम घेताना कंपनीचा जॉमेट्रीचा, म्हणजे फ्रेमच्या मापांचा, तक्ता उघडला की लांबी सांगणारे दोन आकडे दिसतात: इफेक्टिव्ह टॉप ट्यूब (टॉप ट्यूब म्हणजे सीटकडून हँडलकडे जाणारी वरची नळी) ५५१, रीच ३८५. दोन्ही मिलिमीटरमध्ये, दोन्ही आडवी मापं, दोन्हींचं पुढचं टोक हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या आखूड नळीच्या, माथ्यावर. त्यामुळे एकाच्या जागी दुसरं सर्रास धरलं जातं.

फरक आहे तो मागच्या टोकात. इफेक्टिव्ह टॉप ट्यूब हेड ट्यूबच्या माथ्यापासून सरळ आडवी मागे जाते ती थेट सीट पोस्टच्या मध्यरेषेपर्यंत. रीच त्याच बिंदूपासून निघतो, पण बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे जिथे फिरतात तो भाग) केंद्राच्या बरोबर वर येऊन थांबतो. त्या केंद्रापासून हेड ट्यूबच्या माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक. थोडक्यात, एक माप सीटकडून घेतलेलं आणि दुसरं पायांकडून.

टॉप ट्यूबच्या आधी 'इफेक्टिव्ह' लागलं त्याला कारण आहे. पूर्वीच्या स्टीलच्या फ्रेमची टॉप ट्यूब जमिनीला समांतर असायची. पट्टी लावली की माप मिळायचं. १९९०च्या दशकात सायकल डिझायनर माइक बरोज यांनी जायंट कंपनीसाठी टीसीआर ही उतरत्या टॉप ट्यूबची फ्रेम केली आणि नंतर तोच घाट सगळीकडे रूढ झाला. नळी तिरकी झाल्यावर तिची खरी लांबी उपयोगाची राहिली नाही, म्हणून ती आडवी असती तर किती भरली असती ते छापायला लागले. जिच्या लांबीवरून साइज ठरायची ती सीटखालची नळी, सीट ट्यूब, हीही आखूड झाली, त्यामुळे ५४, ५६ हे साइजचे आकडे आता नुसती नावं आहेत. एका कंपनीची ५४ आणि दुसरीची ५४ यांची तुलना त्या आकड्यावरून करूच नका.

आता मुद्द्याचं. सीटची जागा फ्रेम ठरवत नाही, पाय ठरवतात. सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रात अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचं माप घेतात आणि त्याला ०.८८३ ने गुणतात. माप ८२ सेंमी असेल तर बॉटम ब्रॅकेटच्या केंद्रापासून सीटच्या वरच्या बाजूपर्यंत साधारण ७२.४ सेंमी. हा सुरुवातीचा अंदाज, पुढे थोडं वर-खाली करावंच लागतं. सीट किती पुढे किंवा मागे, हे मांडीच्या लांबीवर आणि पेडल मारताना अंगाचा तोल कसा राहतो यावर ठरतं. ती जागा एकदा जमली की फ्रेम कुठलीही येवो, सीट बॉटम ब्रॅकेटच्या हिशेबाने तिथेच न्यायची असते. टॉप ट्यूबचा आकडा मात्र सीट ट्यूबच्या जमिनीशी असलेल्या कोनाबरोबर बदलतो. फसगत होते ती इथे.

दोन फ्रेम घेऊ. दोन्हींचा स्टॅक ५६० आणि इफेक्टिव्ह टॉप ट्यूब ५५१. पहिलीच्या सीट ट्यूबचा कोन ७३.५ अंश, दुसरीचा ७४.५. तक्त्यात लांबी सारखीच दिसते. पण हिशेब केला तर पहिलीचा रीच ३८५ येतो आणि दुसरीचा ३९६. दुसरीची सीट ट्यूब जास्त उभी, म्हणून सीट मुळातच पुढे आलेली. तुम्ही ती तुमच्या नेहमीच्या जागी मागे सरकवणार, आणि सरकवली की हँडल पहिल्या फ्रेमपेक्षा ११ मिमी लांब पडणार. सेंटीमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा आडवा तुकडा) १० मिमीच्या टप्प्यांतच मिळतात आणि एका टप्प्याचा फरक लांब राइडमध्ये मानेला चांगला जाणवतो.

कमी उंचीच्या लोकांना याचा त्रास जास्त होतो. लहान साइजच्या फ्रेममध्ये पुढचं चाक फार जवळ आलं तर वळताना बूट चाकाला लागतो, म्हणून कंपन्यांना पुढचा भाग एका मर्यादेपलीकडे आखूड करता येत नाही. मग अनेकदा सीट ट्यूब उभी केली जाते. समजा एका साइजचा स्टॅक ५३५, रीच ३७६, कोन ७३.५, त्याहून लहान साइजचा स्टॅक ५२०, रीच ३७५, कोन ७४.५. टॉप ट्यूबचे आकडे येतात अंदाजे ५३४ आणि ५१९. वाचणाऱ्याला वाटतं, लहान साइज घेतली तर १५ मिमी जवळ येईल. प्रत्यक्षात रीच १ मिमीनेच कमी झालाय आणि हँडल १५ मिमी खाली गेलंय! आरामासाठी लहान साइज घेतली आणि कंबर आणखी वाकली, असं होतं ते यामुळे. आखूड हवी म्हणून डोळे झाकून एक साइज खाली उतरायचा सल्ला मला म्हणूनच मुळीच पटत नाही.

तर मग रीच बघायचा आणि मोकळं व्हायचं? तसंही नाही. रीच एकटा वाचला तर तोही चकवतो, कारण हेड ट्यूब मागे कललेली असते. तिचा कोन ७३ अंशांच्या आसपास धरला तर १० मिमीचा स्पेसर (स्टेमखाली बसणारी कडी) घातल्यावर हँडल वर जातं तसंच सुमारे ३ मिमी मागेही येतं. एक फ्रेम स्टॅक ५९०, रीच ३७८. दुसरी स्टॅक ५६०, रीच ३८७. पहिली ९ मिमीने आखूड दिसते. पण दुसरीवर हँडल तेवढ्याच उंचीला आणायला ३० मिमीहून किंचित जास्त स्पेसर घातले की रीच ३७८ वरच येतो. हात दोन्हीकडे एकाच जागी! म्हणून दोन फ्रेमचे रीच ताडून बघायचे तर आधी स्टॅक एका पातळीवर आणायचा. दर १० मिमी स्टॅकमागे ३ मिमी रीच, एवढं लक्षात ठेवलं तरी काम भागतं.

यातली कुठली घ्यायची? आराम हवा असेल तर माझं मत सरळ पहिलीच्या बाजूने. तिच्यावर हँडल स्पेसर न घालताच वर आहे आणि आणखी वर न्यायला वाव शिल्लक आहे. दुसरीवर तो वाव आधीच संपलाय. शिवाय कार्बनच्या स्टिअररवर (हेड ट्यूबमधून वर येणारी, स्टेम धरणारी नळी) किती स्पेसर चालतील याला कंपनीने मर्यादा घालून दिलेली असते. उलट, तुम्हाला हँडल खाली हवं असेल तर दुसरीच घ्यावी, कारण हँडल हेडसेटच्या (हेड ट्यूबमधल्या बेअरिंगच्या) झाकणाखाली काही नेता येत नाही.

हे आकडे आपल्या आत्ताच्या सायकलवर मोजता येतात, आणि नवी फ्रेम बघण्याआधी ते जरूर मोजावेत. सपाट जमिनीवर सायकल उभी धरा, मागचं चाक भिंतीला टेकवा, टायरमध्ये हवा नेहमीइतकी. भिंतीपासून बॉटम ब्रॅकेटच्या केंद्रापर्यंत आडवं अंतर घ्या, मग भिंतीपासून हेड ट्यूबच्या माथ्यापर्यंत. स्टेम आणि स्पेसर मध्ये येतात, म्हणून हेड ट्यूब जिथे संपते तिथून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करणं सोपं. पहिलं ७४३ आणि दुसरं ११२८ आलं तर रीच ३८५. जमिनीपासूनची उंची अनुक्रमे २६९ आणि ८२९ आली तर स्टॅक ५६०. सायकल एका बाजूला कललेली नको, नाहीतर मापं बिघडतात. एकाने धरावी, दुसऱ्याने मोजावं.

टॉप ट्यूबचा आकडा अगदी टाकाऊ नाही. दोन्ही फ्रेमचे सीट ट्यूबचे कोन आणि स्टॅक जवळपास सारखे असतील तर तो रीचसारखंच सांगतो. जुन्या आडव्या नळीच्या फ्रेमचा तक्ता सहसा हाताशी नसतो, तिथे तर पट्टीने तोच मोजावा लागतो.

लांब पडणारी फ्रेम जवळ आणण्यासाठी सीट पुढे ओढायची, हा उपाय मात्र करू नका. सीटची उंची ७२ सेंमीच्या आसपास असताना सीट ट्यूबच्या कोनातल्या एका अंशाने सीट सुमारे १२ मिमी हलते. म्हणजे सीट तेवढी पुढे घेणं म्हणजे आपल्या पायांसाठी फ्रेमचा कोनच बदलणं. अंगाचा भार हातांवर येतो, मुंग्या वाढतात आणि गुडघ्यांची तक्रार वर. जवळ आणायचं ते हँडल. स्टेम १० मिमीने लहान करा. किंवा ६ अंशांचा १०० मिमी स्टेम उलटा बसवा: हँडल सुमारे २० मिमी वर येईल आणि ६ मिमी जवळ. रोड बाइकवर स्टेम ८० पेक्षा लहान करायची वेळ आली तर हँडलिंग बदलतं. तिथे फ्रेमच लांब आहे असं समजावं.

शेवटी एक गोष्ट दोन्ही आकड्यांत येत नाही. दोन्ही हेड ट्यूबपाशी संपतात, हात मात्र त्याच्या बरेच पुढे, हूडवर असतात. मधे स्टेम आहे आणि हँडलचा स्वतःचा रीच (वरच्या सरळ भागापासून पुढच्या वळणापर्यंतचं अंतर) आहे, जो साधारण ७० ते ८५ मिमी असतो. फ्रेमचा रीच ५ मिमीने कमी निवडला आणि वर ८५ चं हँडल आलं, तर निवडीचा उपयोग काय? म्हणून जुनी सायकल मोजताना सीटच्या टोकापासून हूडच्या खाचेपर्यंतचं अंतरही लिहून घ्या, सीट तीच किंवा तेवढ्याच लांबीची राहणार असेल तर. नवी सायकल जोडून झाली की सीट आधी पायांच्या हिशेबाने लावा, मग हे अंतर ताडून बघा आणि उरलेला फरक स्टेमने काढा.