शोकप्रस्ताव

शोकप्रस्ताव म्हणजे विधिमंडळाच्या आजी वा माजी सदस्याच्या, तसेच सार्वजनिक जीवनातल्या मोठ्या व्यक्तीच्या निधनानंतर सभागृहात मांडला जाणारा दुःखदर्शक ठराव. महाराष्ट्रात तो २८८ सदस्यांच्या विधानसभेत आणि ७८ सदस्यांच्या विधान परिषदेत वेगवेगळा मांडला जातो. दिवंगत माजी आमदार मूळचा वकील असेल, तर सभागृहाखेरीज त्याच्या गावचा वकील संघही शोकसभा घेतो. अशा माणसाच्या आयुष्याची नोंद या दोन्ही ठिकाणी मिळून पूर्ण होते, म्हणून येथे दोन्ही रीतींचा एकत्र विचार केला आहे.

अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी अध्यादेश आणि पुरवणी मागण्या (वाढीव खर्चाच्या मागण्या) पटलावर, म्हणजे सभागृहासमोर, ठेवून झाल्या की बहुधा शोकप्रस्ताव येतो. अध्यक्ष, परिषदेत सभापती, किंवा मुख्यमंत्री तो मांडतात. प्रस्तावाचा साचा ठरलेला असतो. पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, शिक्षण, कोणत्या मतदारसंघातून किती वेळा निवडून आले, कोणती पदे भूषवली, आणि निधन कधी व कुठे झाले. मग विरोधी पक्षनेते आणि निरनिराळ्या पक्षांचे गटनेते बोलतात. एरवी एकमेकांना बोलू न देणारे सदस्य या वेळी शांत बसून ऐकतात. राजकीय उणीदुणी काढायची नाहीत, हा संकेत आहे. शेवटी सगळे सभागृह उभे राहते, काही क्षण स्तब्धता पाळली जाते आणि प्रस्ताव मतविभागणीशिवाय संमत होतो. विद्यमान सदस्याचे निधन झाले असेल, तर त्या दिवसाचे उरलेले कामकाज तहकूब करण्याची पद्धत आहे. लोकसभेत मात्र ठराव नसतो. तेथे अध्यक्षच सभागृहाच्या वतीने ‘निधन उल्लेख’ करतात.

अधिवेशन चालू नसताना कुणी गेले, तर पुढच्या बैठकीपर्यंत थांबावे लागते. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे माजी आमदार गणपतराव देशमुख ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात निवर्तले. त्या वर्षीचे पावसाळी अधिवेशन ५ आणि ६ जुलै अशा दोनच दिवसांत आटोपले होते आणि पुढचे अधिवेशन थेट २२ डिसेंबरला भरले. ज्या सभागृहात माणसाने अर्धे शतक घालवले, त्याचे दार त्याच्यासाठी जवळजवळ पाच महिने बंद होते. गाव मात्र थांबत नाही; तिकडे तेरावा होऊन गेलेला असतो.

गणपतरावांचे उदाहरण आणखी एका कारणाने घ्यावेसे वाटते. त्यांनी कायद्याची पदवी घेतली, सांगोल्यात वकिली केली आणि १९६२ साली शेतकरी कामगार पक्षातर्फे पहिल्यांदा विधानसभेत पाऊल ठेवले. १९७२ आणि १९९५ चे पराभव सोडले, तर २०१४ पर्यंत ते एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून अकरा वेळा निवडून आले. १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या सरकारात आणि पुन्हा १९९९ नंतर ते मंत्री होते. हा सगळा तपशील प्रस्तावाच्या साच्यात नीट बसतो. पण सांगोला म्हणजे माणदेश. पाऊस हुलकावणी देणार हे तिथे गृहीतच असते. त्या मुलखातला आमदार एसटीने मुंबईला येतो, आटपाडीच्या पाणी परिषदेत शेतकऱ्यांबरोबर बसतो आणि सूतगिरणी उभी करून ती नीट चालवून दाखवतो, हे ‘पदे भूषवली’ या दोन शब्दांत मावत नाही. ते येते सदस्यांच्या भाषणांत, तेही बोलणाऱ्याने त्या माणसाला जवळून पाहिले असेल तरच. ‘कधीही न भरून निघणारी पोकळी’ हे वाक्य कुणासाठीही म्हणता येते. कोणत्या दुष्काळात त्याने कोणती लक्षवेधी (मंत्र्याचे लक्ष वेधणारी सूचना) लावली, कोणत्या कपात सूचनेवर (खर्चाच्या मागणीत कपात सुचवणाऱ्या प्रस्तावावर) तो अडून बसला, हे सांगितले तरच दिवंगत सदस्य ओळखू येतो. सभागृहातले प्रतिवेदक (भाषणे टिपून घेणारे कर्मचारी) शब्दन् शब्द उतरवून घेत असतात, म्हणून तर या भाषणांची तयारी मनापासून व्हायला हवी.

तालुका न्यायालयातली शोकसभा याहून साधी आणि अनेकदा अधिक जिव्हाळ्याची असते. बार रूममध्ये नाहीतर न्यायाधीशांच्या दालनात सगळे काळे कोट दाटीवाटीने उभे राहतात. टेबलावर हार घातलेला फोटो असतो, तोही पुष्कळदा वकिलीची सनद मिळाली त्या वयातला. सर्वांत ज्येष्ठ वकील आधी बोलतात. गेलेल्या माणसाने कुणाकडे शिकाऊ वकिली केली, कुणाला हाताखाली घेतले, फी न घेता कुणाचा कूळकायद्याचा दावा चालवला, हे तिथेच कळते. उच्च न्यायालयात एखाद्या थोर विधिज्ञासाठी सर्व न्यायमूर्ती एकत्र बसतात; त्याला ‘फुल कोर्ट रेफरन्स’ म्हणतात.

या रीतीची एक बाजू दुखरी आहे. शोकसभेनंतर दिवसभर काम न करण्याचा ठराव अनेक वकील संघ करत आले आहेत. त्या दिवशी पहाटेची एसटी पकडून आलेल्या पक्षकाराच्या हाती फक्त पुढची तारीख पडते. वकिलांना संपाचा वा बहिष्काराचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने हरीश उप्पल प्रकरणात २००२ साली स्पष्ट केले. शोकासाठी काम थांबवणे हा संप नव्हे, असे काही वकील म्हणतात. पण खोळंबा पक्षकाराचाच होतो. सभा कामकाज संपल्यावर घेणे हाच योग्य मार्ग. आयुष्यभर पक्षकाराची बाजू मांडलेल्या माणसाला तोच अधिक शोभतो.

काही जणांचे स्मरण सभागृह आणि न्यायालय दोन्ही ओलांडून जाते. पुसदला वकिली केलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री होते. १८ ऑगस्ट १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, राज्यात कृषी दिन म्हणून पाळला जातो. पाऊस वेळेवर असेल, तर त्या दिवशी विदर्भात पेरणीची धांदल चालू असते.

संमत झालेल्या शोकप्रस्तावाची प्रत कुटुंबीयांकडे पाठवण्याची प्रथा आहे. भाषणे कार्यवृत्तात, म्हणजे कामकाजाच्या अधिकृत नोंदीत, छापली जातात. एखाद्या जुन्या आमदाराचा शोध घेणाऱ्याने त्याच्या मृत्यूनंतरच्या अधिवेशनाचा पहिला दिवस आधी उघडून पाहावा आणि मग त्याच्या तालुक्याच्या बार रूममध्ये जाऊन भिंतीवरचे फोटो पाहावेत.