भोवऱ्यांना धरून ठेवणारे दोष

द्रवरूप नायट्रोजनमध्ये थंड केलेली काळी चकती चुंबकावर अधांतरी राहते आणि चुंबक उलटा धरला तरी खाली पडत नाही. ती अतिसंवाहकाची, म्हणजे पुरेसा थंड केल्यावर विजेला अजिबात रोध न करणाऱ्या पदार्थाची असते. तिच्या तरंगण्याचे कारण म्हणून ‘अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्राला बाहेर ढकलतो’ एवढेच सांगितले जाते. मात्र नुसत्या ढकलण्याने चकती चुंबकाखाली लटकून राहणार नाही. तिला तेथे धरून ठेवतात ते तिच्या स्फटिकातले दोष, म्हणजे अणूंच्या नियमित मांडणीतले बिघाड.

ही चकती बहुधा यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडची असते. १९८७ साली सापडलेला हा पदार्थ सुमारे ९२ केल्विनखाली अतिसंवाहक होतो, म्हणून ७७ केल्विनचा नायट्रोजन त्याला पुरतो. भौतिकशास्त्रज्ञ अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ साली दाखवल्याप्रमाणे अशा पदार्थांत तीव्र चुंबकीय क्षेत्र बारीक नळ्यांच्या रूपाने शिरते. प्रत्येक नळीभोवती विद्युतप्रवाह गोल फिरतो, म्हणून तिला भोवरा म्हणतात. १ टेस्ला क्षेत्रात शेजारच्या भोवऱ्यांतले अंतर सुमारे ४९ नॅनोमीटर असते.

पदार्थातून प्रवाह सोडला, की विजेच्या मोटारीतल्या तारेवर पडते तसेच बल या भोवऱ्यांवर पडते. ते सरकू लागले, की ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि नाहीसा झालेला रोध परत येतो. म्हणजे अगदी निर्दोष स्फटिक चुंबकाच्या कामाला जवळजवळ निरुपयोगीच. भोवऱ्याचा गाभा अतिसंवाहक नसतो, त्यामुळे तो जेथे तयार होतो तेथे पदार्थाला अतिसंवाहकतेतून होणारी ऊर्जेची बचत सोडून द्यावी लागते. जेथे दोषामुळे ती बचत मुळातच नाही, तेथे भोवरा फुकटात बसतो आणि सहज हलत नाही; भोवरे असे अडकल्यामुळेच चकतीही जागची हलत नाही. गाभ्याची त्रिज्या जेमतेम दीड-दोन नॅनोमीटर असल्यामुळे दोषही साधारण त्याच जाडीचा हवा, आणि भोवऱ्याच्या दिशेने लांबवर गेलेला असेल तर पकड अधिकच घट्ट होते. ७७ केल्विनला उष्णतेच्या धक्क्यांनी भोवरे सुटू पाहतात, म्हणून ही पकड महत्त्वाची. त्यासाठी पातळ थरात बेरियम झिर्कोनेटच्या सूक्ष्म कांड्या मुद्दाम वाढवतात.

सगळेच दोष मात्र उपकारक नसतात. शेजारचे दोन स्फटिककण एकमेकांशी दहा-एक अंशांनी जरी तिरपे असले, तरी त्यांच्या सीमेवरून जाऊ शकणारा प्रवाह झपाट्याने घटतो.

२०२३ साली ‘एलके-९९’ या नव्या पदार्थाच्या अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्याचे चित्रीकरण पाहून अनेकांनी सामान्य तापमानाच्या अतिसंवाहकतेचा जयघोष केला. तो पदार्थ शुद्ध रूपात विद्युतरोधक निघाला. तरंगणे हा अतिसंवाहकतेचा पुरावा नव्हे.

अणुकेंद्रके जोडून ऊर्जा मिळवणाऱ्या संलयन भट्टीच्या चुंबकांत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. तेथले न्यूट्रॉन अतिसंवाहक पट्टीत नवे दोष पाडतात. सुरुवातीला त्यांमुळे भोवऱ्यांवरची पकड वाढते, पण मारा वाढत गेला की अतिसंवाहकताच क्षीण होऊ लागते.