निवासी उन्हाळी शिबिर: मुलाला सोडायला येण्याआधी पालकांनी हे जरूर वाचावे

एप्रिल लागला की फोनवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: "मूल रमलं नाही, तर मधेच न्यायला येता येईल ना?" येता येईल, तुमचंच मूल आहे. पण हा प्रश्न आम्हाला एकट्याने विचारा. मुलासमोर, गाडीत बॅग चढवताना विचारू नका. शिबिरात आमचा सगळ्यात जास्त वेळ ज्या एका गोष्टीत जातो ती इथूनच सुरू होते, म्हणून या पत्रकात तिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहीत आहोत.

"नाही आवडलं तर लगेच न्यायला येतो"

हे वाक्य पालक प्रेमापोटीच बोलतात. मुलाचा चेहरा रडवेला झालेला असतो, गाडी सुटायची वेळ झालेली असते, आणि आई नाहीतर आजी हळूच म्हणते, "अगं जा तर खरं, नाही आवडलं तर बाबा लगेच येतील." मूल गाडीत बसतं आणि सगळ्यांना हायसं वाटतं.

मुलाच्या मनात मात्र त्यातून दोन गोष्टी पक्क्या होतात. एक, मला तिथे आवडणार नाही असं घरच्यांनाही वाटतंय. दुसरी, आवडतंय की नाही हे मला सारखं ठरवत राहायचंय. मग खो-खोत बाद झालं की ते ठरवायला बसतं, ताटात दोडक्याची भाजी आली की पुन्हा ठरवतं. बाकीची मुलं खेळात गुंगलेली असतात आणि हे मूल दाराकडे बघत असतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गट सांभाळणाऱ्या ताईकडे येतं: "बाबांना फोन लावा. ते म्हणाले होते येतो." आता वडिलांचा शब्द तरी मोडायचा, नाहीतर मुलाला घरी तरी पाठवायचं. वडील बिचारे दुकान बंद करून रात्री दहाला पोचतात, तेव्हा मूल गाढ झोपलेलं असतं. किंवा ते त्यांच्याबरोबर घरी जातं आणि सकाळी उठून रडतं, कारण बाकीची मुलं आज कुडलच्या सहलीला निघालेली असतात. इकडे त्याच्या गटातल्या आणखी दोघांचा धीर सुटतो आणि ताईची सगळी रात्र त्यांना समजावण्यात जाते.

हा आमचा एकट्याचा समज नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात 2007 साली थर्बर आणि वॉल्टन यांचा घराच्या आठवणीवरचा लेख आला होता. घराची आठवण येणं अगदी स्वाभाविक आहे, ते दुखणं नव्हे, असं त्यात सांगितलं आहे. न्यायला येण्याचा असा करार मुलाशी आधीच करू नये, जायचं ठरवताना मुलाला विचारात घ्यावं आणि घराबाहेर राहण्याचा थोडा सराव आधी करून घ्यावा, हेही त्यात आहे.

त्याऐवजी एवढंच सांगा: "आठवण येईल, सगळ्यांनाच येते. आली की ताईला सांग. रविवारी दुपारी आम्ही सगळे तिथे येतोय." मग कॅलेंडरवर त्या रविवारभोवती मुलालाच गोल करायला लावा. आणि शिबिराआधी एक-दोन रात्री मुलाला मामाकडे, आत्याकडे एकटं राहू द्या. तुम्ही सोबत राहिलात तर तो सराव होत नाही.

रडू आलं तर आम्ही काय करतो

दिवसा फारसं कोणी रडत नाही. आठवण येते ती दिवेलागणीला आणि अंथरुणावर पडल्यावर. म्हणून संध्याकाळची वेळ आम्ही कधी मोकळी ठेवत नाही. त्या वेळी शेंगा फोडायच्या असतात. भाजलेले दाणे चोळून सालं पाखडायची, मग दाणे, लसूण, जिरं, तिखट आणि मीठ उखळात घालून आळीपाळीने कुटायचं. दोघांनी समोरासमोर बसायचं, एकाचा हात दुखला की दुसऱ्याने घ्यायचं. कुटून कुटून दाण्यांना तेल सुटलं की चटणी झाली. मिक्सरमध्ये पाच मिनिटांत होईल हे आम्हालाही माहीत आहे. पण समोरच्याच्या हाताकडे बघत कुटणारं मूल कालच्या अनोळखी मुलाशी बोलायला लागतं आणि रात्री त्याच्याच शेजारी अंथरूण टाकतं. ही चटणी शेवटच्या दिवशी प्रत्येकाच्या घरी जाते. बाजारातून आणलेली आम्ही देत नाही.

तरीही मूल रडलं, तर ताई-दादा त्याला गप्प बसवत नाहीत. जवळ बसतात, घरी कोण कोण आहे ते विचारतात आणि दुसऱ्या दिवशीचं एखादं काम त्याच्यावर सोपवतात: पाण्याचे माठ भरले का ते बघायचं, सकाळी घंटा द्यायची. आठ मुलांमागे एक ताई किंवा दादा असतात ते याचसाठी. मनुष्यबळावर आमचा खर्च सगळ्यात जास्त होतो. फी थोडी जास्त का, याचं उत्तर हेच.

फोन आणि फोटो

मुलांजवळ फोन नको, लपवून दिलेलाही नको. ताप, उलटी, दुखापत असं काही झालं तर तासाभराच्या आत आमचा फोन तुम्हाला येईल. फोन आला नाही म्हणजे मूल खेळतंय, असं खुशाल समजा. रोज आईशी दोन मिनिटं बोलू द्या, असा आग्रह होतो. पण शांत झालेलं मूल आईचा आवाज ऐकलं की नेमकं तेव्हाच कोसळतं, आणि मग आईलाही रात्रभर झोप लागत नाही. तिसऱ्या दिवशी मुलं घरी पत्र लिहितात आणि भाजी आणायला शहरात जाणाऱ्या आमच्या गाडीतून ती पत्रं पोचवली जातात. मनात असेल तर उत्तर लिहा, पण त्यात "तुझ्याशिवाय घर सुनं वाटतंय" असं लिहू नका. मांजरीला पिल्लं झाली, आंबे पिकायला लागले, असं काहीतरी लिहा.

व्हॉट्सअॅपवर फोटो दिवसातून एकदाच येतील, रात्री जेवणं झाल्यावर. एखाद्या फोटोत तुमचं मूल कडेला उभं दिसलं, तर ते दुखावलंय असा अर्थ काढू नका.

"आमच्या दोघांना एकाच गटात ठेवा"

ही विनंती आम्ही मान्य करत नाही आणि त्यामुळे काही पालक नाराज होतात. चुलतभाऊ किंवा एका वर्गातले मित्र एकाच गटात असले की ते आपसातच राहतात. गट पाडताना आम्ही मुद्दाम बघतो की सोलापूरच्या पूर्व भागातलं घरी तेलुगू बोलणारं मूल, जुळे सोलापुरातलं मूल, अक्कलकोटकडचं कानडी बोलणारं आणि घरी उर्दू बोलणारं, सगळी एका गटात यावीत. एका शहरात राहूनही ही मुलं एरवी एकमेकांच्या घरी जात नाहीत. चौथ्या दिवसापर्यंत लगोरीत तिन्ही-चारही भाषांत मोजणी सुरू होते. इंग्लंडात ब्राउन्सी बेटावर 1907 साली स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी सुमारे 20 मुलांचा पहिला स्काउट तळ भरवला. तिथेही बड्या शाळांतली आणि कामगारांच्या घरातली मुलं चार गटांत मिसळून ठेवली होती. मैत्री अशीच जमते, असा आमचा ठाम विश्वास आहे. दहावीची परीक्षा दिलेली आमची जुनी मुलं दादा-ताई होऊन परत येतात, तेव्हा गट पाडताना तीच सगळ्यात कडक असतात.

ऊन

सोलापूरचा मे आम्हाला नव्याने सांगायला नको. अकरा ते साडेचार कोणीही उन्हात नसतं. त्या वेळेत ताक, कैरीचं पन्हं, झोप आणि लहान चौकटीवर विणकाम. ताणा म्हणजे उभे धागे लावून बाणा म्हणजे आडवा धागा फिरवताना मुलांना पहिल्यांदाच कळतं की घरातल्या चादरीवरची नक्षी कशी उतरते. मैदानी खेळ पहाटे आणि संध्याकाळी. विहिरीत पोहणं आमच्याकडे नाही, त्यासाठी आग्रह करू नये.

सहली दोन, दोन्ही पहाटे. नान्नजच्या अभयारण्यात काळवीट बघायला जातो. माळढोक पक्षी दिसेलच असं आम्ही कुणालाही सांगत नाही, तो आता फार दुर्मीळ झाला आहे. दुसरी सहल हत्तरसंग कुडलला, भीमा आणि सीना यांच्या संगमावर. तिथे 1018 सालचा मराठी शिलालेख आहे. तो वाचेल तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ त्यात आहे, त्यामुळे मुलं एक-एक अक्षर लावत चिकाटीने वाचतात.

बरोबर काय द्यावं

सोलापुरी चादर द्याल हे गृहीत धरलं आहे, पण कोपऱ्यात दोऱ्याने मुलाचं नाव टाका. सगळ्यांच्या चादरी एकसारख्या दिसतात आणि शेवटच्या दिवशी अर्धा तास त्यातच जातो. सुती कपडे, टोपी, पाण्याची बाटली. औषध चालू असेल तर चिठ्ठीसह ताईच्या हातात द्या, मुलाच्या बॅगेत ठेवू नका. अंथरूण ओलं होणं, झोपेत चालणं, एखाद्या पदार्थाची अॅलर्जी, विशेषतः शेंगदाण्याची, हे अर्जात मोकळेपणाने लिहा. ताईशिवाय ते कुणाला कळत नाही.

निवासी शिबिर नऊ वर्षं पूर्ण झालेल्या मुलांसाठी आहे. त्याहून लहान मुलांसाठी शहरात सकाळचं शिबिर असतं. पुढच्या वर्षी निवासी शिबिराला यायचं असेल तर त्यापासून सुरुवात केलेली बरी. सख्ख्या भावंडांना फीत सवलत आहे. मेच्या पहिल्या आठवड्याची तुकडी लवकर भरते, दुसऱ्या तुकडीत जागा मिळणं सोपं जातं.

शेवटच्या रविवारी दुपारी बाराला सगळ्या पालकांचं जेवण शिबिरातच आहे: कडक भाकरी, मुलांनी कुटलेली चटणी, आमटी, आंबा. आजी-आजोबांनाही आणा, पण किती जण येणार ते शुक्रवारपर्यंत कळवा. सोडण्याच्या दिवशी गाडी सकाळी साडेसहाला सुटते. मूल गाडीत बसलं की हात हलवा आणि निघा, खिडकीशी थांबू नका.