सिस्टरांना ‘सवय’ होते का?

‘सिस्टरांना साथीच्या रोगांची सवय असते, त्यांना काही वाटत नाही’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते खरं नाही. सवय होते ती हातांना. शीर चटकन सापडते, एवढंच. भीती जात नाही, आणि ती बहुतेकदा घरच्यांसाठी असते. मे २०१८मध्ये केरळात निपाह या जीवघेण्या विषाणूच्या रुग्णाची शुश्रूषा करताना लागण झालेल्या सिस्टर लिनी पुथुसेरी यांनी शेवटच्या चिठ्ठीत नवऱ्याला मुलांना सांभाळायला सांगितलं होतं. कोविडमध्ये पीपीई किट चढवलं की तासन्‌तास पाणी नाही, लघवीला जाणं नाही. म्हणून कितीतरी जणी ड्यूटीआधी पाणीच पीत नसत. त्यांना नुसतं ‘देवदूत’ म्हणून भागत नाही. पुरेसे मास्क, वेळेवर सुटणारी ड्यूटी आणि मैत्रिणीजवळ मोकळं रडता येणं, यानं ताण खरोखर हलका होतो.