गाडी दिसते, वेग दिसत नाही

रस्त्याकडेला उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या फटीत एकदा गुडघे टेकून बसून बघा. सहा-सात वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून जेमतेम एक मीटरवर असतात. तिथून रस्ता दिसतच नाही, नुसता पत्रा दिसतो. येणारी गाडी बघायला मुलाला आधी रस्त्यावर पाऊल टाकावं लागतं आणि चालकालाही ते तेव्हाच दिसतं.

बरं, गाडी दिसली तरी ती किती वेगात येतेय हे मुलाला कळतंच असं नाही. समोरून येणाऱ्या वस्तूचा वेग आपण तिची डोळ्यातली प्रतिमा किती झपाट्याने मोठी होते यावरून ताडतो. पाच सेकंदांत पोहोचणारी वेगवान गाडी तेवढ्याच वेळात पोहोचणाऱ्या हळू गाडीपेक्षा दूर असते, म्हणून तिची प्रतिमा लहान असते आणि वाढतेही सावकाश. म्हणजे जी जास्त धोक्याची, तीच जागच्या जागी उभी असल्यासारखी वाटते! लंडन विद्यापीठाच्या रॉयल होलोवे कॉलेजातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं, की ताशी साधारण ३२ किलोमीटरच्या पुढे प्राथमिक शाळेतल्या मुलांना हा अंदाज खात्रीने येत नाही. ‘बघून चाल’ म्हणून आपण त्यांना दटावतो. ती बघतातच, पण मेंदूची ती जाण अजून पक्की झालेली नसते.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने मुलांना संगणकाने उभ्या केलेल्या आभासी रस्त्यावर चालायला लावलं. तिथे सहा वर्षांची मुलं दर शंभरातल्या आठ वेळा गाडीखाली आली असती, बारा वर्षांची दोनदा. मोठ्यांइतकं बिनचूक ओलांडणं जमलं ते चौदाव्या वर्षी. लहान मुलं दोन गाड्यांमधलं अंतर मोठ्यांसारखंच निवडत होती, पण पहिली गाडी गेल्यावर पाऊल उचलायला त्यांना उशीर होत होता. हा क्षणभराचा उशीरच घात करतो. सायकलवर तो आणखी वाढतो, कारण थांबलेली सायकल पेडल मारून हलवायलाच वेळ लागतो. मागे वळून बघताना हँडलही वळतं, ते वेगळंच.

यावर सराव हा एक उपाय आहे. हात धरून शाळेत नेताना निर्णय मुलाला घेऊ द्या. ‘आता जाऊया का?’ असं विचारा आणि ‘हो’ म्हणालं तरी थांबून त्याला दाखवा, की ती गाडी कधी पोहोचली. हे रोज करावं लागतं, एकदा सांगून भागत नाही. उभ्या गाड्यांच्या मधून जाण्यापेक्षा चार पावलं लांबची मोकळी जागा गाठावी.

पण सगळा भार मुलावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. मूल १४ मीटरवर अचानक समोर आलं असं धरा. रस्ता कोरडा, ब्रेक उत्तम, चालक एका सेकंदात सावध होणारा. ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी त्या सेकंदात आठ मीटर जाते आणि पुढच्या पाच मीटरांत मुलाच्या अलीकडे थांबते. ताशी ५० ने येणारी गाडी त्याच एका सेकंदात १४ मीटर जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत मूल गाठलेलं असतं, तेही पूर्ण वेगात.

२०२० साली स्टॉकहोममध्ये भरलेल्या जागतिक परिषदेने माणसं आणि वाहनं जिथे एकत्र वावरतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा मागितली, ती याच हिशेबाला धरून आहे. शाळेच्या रस्त्यावर नुसती पाटी लावून ही मर्यादा पाळली जात नाही. रस्ता अरुंद करावा लागतो, गतिरोधक घालावे लागतात, फाटकासमोरच्या गाड्या हटवाव्या लागतात.