घामेजलेला तळवा, निसटती काडी

गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या विसर्जनाला आमच्या वाडीची मिरवणूक खाजणाच्या वळणावर आली आणि पुतण्याच्या हातातली ताशाची काडी सुटली. सुटली ती सरळ रस्त्यालगतच्या खाचरात, लोंब्या धरलेल्या भातात कुठेतरी गडप झाली. पोरगं रडवेलं झालं, कारण तयारी केली नव्हती असं नाही. निघायच्या आधी पाच मिनिटं त्यानं दोन्ही तळव्यांना कॅरमची पावडर चोळली होती. घाम टिपला जाईल हा हिशोब.

हिशोब चुकला तो तिथेच. कॅरमची पावडर म्हणजे बहुतेक वेळा बोरिक अॅसिड. त्याचे रेणू एकावर एक रचलेल्या पापुद्र्यांसारखे असतात आणि एक पापुद्रा दुसऱ्यावरून सहज सरकतो, म्हणूनच तर सोंगटी बोर्डावरून सुळकन जाते. अंगाला लावायच्या पावडरीतलं टाल्कही त्याच जातीचं, खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर सगळ्यात खालचं, १ नंबरचं. पावडर लावल्यावर हात कोरडा वाटतो खरा, पण वंगणसुद्धा आपणच लावून ठेवलेलं असतं.

मग कोरडा हात नको का? इथे एक मजेशीर गोष्ट आहे. नोटा मोजणारा माणूस बोट ओलं करतो, ते कशासाठी? कातडीचा सगळ्यात वरचा थर केराटिन या प्रथिनाचा. कोरडा असताना तो ताठ असतो आणि समोरच्या वस्तूला नुसत्या उंचवट्यांनी टेकतो. थोडी ओल मिळाली की तो मऊ पडतो, वस्तूच्या खाचाखोचांत बसतो, प्रत्यक्ष टेकलेलं क्षेत्रफळ वाढतं आणि घर्षण कैक पटींनी चढतं. ओल आणखी वाढली की कातडी आणि वस्तू यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पडदा तयार होतो आणि घर्षण पुन्हा कोसळतं. म्हणजे अगदी कोरडा हात वाईट, चिंब हात वाईट आणि दमट हात उत्तम.

बोटांवरच्या रेषा पकडीसाठीच आहेत असं आपण शाळेपासून धरून चाललोय. २००९ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातल्या रोलंड एनोस आणि पीटर वॉरमन यांनी बोटं अॅक्रिलिकच्या पट्टीवर घासून पाहिली, तेव्हा उलटंच दिसलं. रेषांमुळे टेकणारं क्षेत्रफळ सुमारे एक तृतीयांशानं कमी होत होतं. मग त्या रेषा कशाला? २०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांच्या पुढाकारानं झालेल्या कामातून एक उत्तर आलं: रेषांमधले चर ओलीचं नियमन करतात. घाम जास्त झाला तर चरांतून तो निघून जातो, बाष्प होऊन उडतो आणि कातडी त्या मधल्या दमट अवस्थेत राहते.

आता ही यंत्रणा भाद्रपदातल्या कोकणात आणून ठेवा. हवेत आधीच इतकं बाष्प की घाम उडायला जागाच नाही. त्यात तळव्याच्या घामग्रंथी उन्हापेक्षा मनाच्या ताणाला जास्त ऐकतात. सरावाला पडवीत दोन तास वाजवणारं पोर देवळासमोर गर्दी बघून पहिल्या पाच मिनिटांत घामाघूम होतं, ते त्यामुळे.

काडी निसटू लागली की आपण काय करतो? मूठ आवळतो. ठरवून नव्हे, हात आपोआप ते करतो. १९८४ मध्ये स्वीडनमधले रोलंड योहान्सन आणि योरान वेस्टलिंग यांनी लोकांना चिमटीत धरून छोटी वस्तू उचलायला लावली होती. वस्तूला कधी पॉलिश पेपर लावलेला, कधी मऊ चामडं, कधी रेशीम. रेशीम असलं की चिमूट आपसूक घट्ट व्हायची आणि पॉलिश पेपर असला की सैल. बोटं बधिर केली की मात्र हा अंदाज बिघडायचा. म्हणजे निसटती काडी धरणारा वादक नकळत सगळा वेळ जोर लावत असतो. त्यानं हात भरून येतो हे एक, आणि दुसरं म्हणजे वादन मरतं. ताशाचं पान ताणलेलं असतं, ते काडीला स्वतःच उडवून देतं. बोटांनी ती उडी फक्त अडवायची नसते. आमच्या वाडीतले ढोलवाले आबा नव्या पोराला पहिलं वाक्य हेच ऐकवतात, ‘घट धरू नको रे, हात भरतलो तुझो.’ तेव्हा चांगली पकड म्हणजे जास्तीत जास्त चिकट काडी, असं नाही. जी सैल धरूनही सुटत नाही ती चांगली. घरगुती उपाय या कसोटीवर लावून बघायला हवेत.

आधी काडीचीच कातडी. बांबूच्या बाहेरच्या सालीवर मेणाचा आणि सिलिकाचा गुळगुळीत थर असतो. पाऊस झटकून टाकायला तो बांबूला उपयोगी, आपल्याला नाही. धरायच्या जागी, चार बोटं रुंदीत, पॉलिश पेपरनं तेवढी चकाकी घालवली की फरक लगेच कळतो. पण हौसेनं चाकू घेऊन खरवडत बसू नये. बांबूचे ताकदवान धागे बाहेरच्या बाजूलाच सगळ्यात दाट असतात. काहीजण पकडीसाठी आडव्या खाचा पाडतात, ते तर अगदीच नको. प्रत्येक खाचेपाशी ताण एकवटतो आणि काडी तिथेच मोडते.

ड्रमसेटच्या तयार काठ्यांवर वार्निश असतं. ते काहींच्या हाताला किंचित घामात चिकटतं, काहींच्या हातातून निसटतं. तिथे आपला तळवा ओळखायचा, दुसरं काही सांगता येत नाही.

मग गुंडाळणं. इन्सुलेशन टेप सगळ्यात हाताशी आणि सगळ्यात निरुपयोगी. तिचं प्लास्टिक घाम शोषत नाही आणि उकाड्यात खालचा डिंक सरकून कडा उलटतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कोरड्या हाताला छान पकडतात, कधीकधी नको इतके. रबर कातडीला जागेवर धरून ठेवतं, आतलं हाड मात्र हलत राहतं. मधले थर पिळवटून एकमेकांपासून सुटतात, पोकळीत पाणी भरतं आणि फोड येतो. शिवाय रबरावर घाम साचला की पावसातल्या गुळगुळीत टायरची गत. ढोलाच्या जाड काठीला ट्यूब चालते, ताशाला मी सुचवणार नाही.

माझं मत सुती दोऱ्याला. कापूस पाणी पितो आणि भिजल्यावर त्याचा धागा उलट जास्त मजबूत होतो. नायलॉनचं जाळ्याचं सूत आपल्याकडे ढिगानं मिळतं, पण ते कमी शोषतं आणि गुळगुळीत. काथ्याचा सुंभ टिकाऊ खरा, पण तळव्याची सालटी काढतो. दोरा बांधायची पद्धत मात्र बंदरावर दोराचं टोक उसवू नये म्हणून बांधतात तीच. दोऱ्याचा एक लांबट फासा काडीवर तिच्या लांबीला धरून ठेवायचा, त्याच्यावरून वेढे घ्यायचे, शेवटचं टोक फाशात ओवायचं आणि पहिलं टोक ओढायचं. फासा वेढ्यांखाली शिरतो आणि दुसऱ्या टोकाला आत घेऊन जातो. गाठ नाही, म्हणजे बोटाला टोचत नाही. शेवटचे पाच-सहा वेढे घट्ट, पण मधले थोडे विरळ ठेवा. त्या फटी बोटांवरच्या चरांसारखं काम करतात.

पण सढळ हातानं गुंडाळू नका. समजा काडी ४० सेंटीमीटर लांब, सारख्या जाडीची आणि ३० ग्रॅमची आहे. तिचा तोल बरोबर मध्ये, २० सेंटीमीटरवर. मुठीकडच्या टोकापासून ६ सेंटीमीटरच्या आसपास ६ ग्रॅमचं गुंडाळण चढवलं, तर तोल १७.७ सेंटीमीटरवर येतो. सव्वादोन सेंटीमीटर मागे सरकला म्हणजे पुढचं टोक हलकं पडलं, ठोका पोकळ झाला आणि उडी बदलली. एकच थर, बारीक दोरा.

ज्यांना दोरा नको त्यांच्यासाठी मेण. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण तळव्याच्या उबेनंच जरा नरम पडून चिकटसर होतं. त्यात राळेची पूड मिसळली तर पकड आणखी वाढते. भांडं थेट जाळावर न ठेवता गरम पाण्यात ठेवून वितळवा, दोन्ही पदार्थ पेट घेतात. आणि मेण लावायचं ते काडीला, दोऱ्याला नाही. मेणलेला दोरा पाणी पीत नाही, म्हणजे त्याचा सगळा उपयोगच गेला. फणसाचा चीक लावून बघणारे महाभाग दर वर्षी असतात. काडी बोटांत फिरतच नाही आणि नंतर खोबरेल तेलानं हात धुवावे लागतात, मग काडीला चिकटायला उरलं काय? काजूच्या टरफलाच्या वाटेला तर कुणी जाऊ नये. त्यातलं तेल कातडी भाजून काढतं.

राखेचं कुणीतरी विचारेलच, कारण बुळबुळीत वाम हातात ठरावी म्हणून चुलीतली राख लावायची युक्ती जुनी आहे. राखेचे कण पापुद्र्यांचे नसतात, त्यामुळे ते पावडरीसारखे सरकत नाहीत. पण राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, घामात ते विरघळून क्षारी होतं आणि तळवे चुरचुरतात. मासा साफ करण्यापुरतं ठीक, तीन तासांच्या मिरवणुकीला नाही.

एक गोष्ट मला उशिरा कळली. सरावानंतर काड्या रात्रभर ठेवल्या तरी सकाळी दोरा ओलसरच. घामातलं पाणी उडतं, पण मीठ दोऱ्यात राहतं, आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. स्वयंपाकघरातल्या बरणीत मिठाला पाणी सुटतं तेच हे. म्हणून आता पुतण्या रोज काड्यांचा दोऱ्याकडचा भाग विहिरीच्या पाण्यात खळबळून पिळून घेतो आणि काड्या चुलीवरच्या शिंक्याशेजारी टांगतो. दोरा सकाळी खडखडीत सुकलेला असतो. फक्त तिथेच सुकटीची टोपली असते, आणि पथकातल्या पोरांनी त्याला ‘जवळा’ म्हणून हाक मारायला सुरुवात केली आहे.