रानपिंगळा: एका खोट्या चिठ्ठीने हरवलेला पक्षी

पिंगळा मराठी माणसाला नवा नाही. गावाकडे भल्या पहाटे कंदील घेऊन दारी येणारा पिंगळा जोशी या पक्ष्याची भाषा कळते असं सांगत भविष्य वर्तवायचा. वडाच्या ढोलीत, जुन्या वाड्याच्या भिंतीत, शेताच्या बांधावर दिसणारा तो ठिपकेदार पिंगळा. रानपिंगळा त्याचाच भाऊबंद, पण घर अगदी वेगळं. सातपुड्यातल्या सागाच्या विरळ, पानगळीच्या रानात तो राहतो. डोक्यावर आणि पाठीवर ठिपके जवळजवळ नाहीत, डोकं मोठं, पाय दणकट आणि पांढऱ्या पिसांनी झाकलेले. घुबडाच्या जातीचा असूनही तो दिवसाउजेडी, निष्पर्ण फांदीवर बसून सरडे, पाली, उंदीर टिपतो. म्हणजे हा पक्षी काही लपून राहणारा नव्हे. तरीही 113 वर्षं कोणत्याही अभ्यासकाला तो सापडला नाही, आणि हे नीट समजल्याशिवाय त्याची आजची स्थितीही समजत नाही.

डिसेंबर 1872 मध्ये एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडातल्या बसना परिसरात पहिला नमुना मिळवला. पुढच्याच वर्षी अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि जातीला ब्लेविट यांचं नाव दिलं. (काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, तेच हे ह्यूम.) 1877 मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना ओडिशातल्या खरियार भागात दुसरा नमुना मिळाला. त्यानंतर खानदेशात सरकारी नोकरीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोद्याच्या रानातून पाच नमुने गोळा केले. त्यातला शेवटचा 1884 चा. एकूण सात नमुने, म्हणजे कापूस भरून जपलेली सात कातडी, आणि मग काहीच नाही.

काहीच नाही, हे खरं तर पूर्ण खरं नव्हे. एक आठवी नोंद होती. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि नामांकित पक्षी-संग्राहक रिचर्ड माइनर्टझहागेन यांनी ऑक्टोबर 1914 मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला रानपिंगळा मारल्याचा दावा केला होता. नमुना होता, त्याला ठिकाण-तारीख सांगणारी रीतसर चिठ्ठी होती, त्यामुळे शंका घेण्याचं कारण दिसत नव्हतं. शेवटची नोंद कुठली, तर मांडवीची, असं पुस्तकांत छापलं गेलं. पुढे सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या पक्षितज्ज्ञांनी शोध घेतला, पण हाती काही लागलं नाही. रानपिंगळ्याचे म्हणून अधूनमधून फोटो यायचे, ते ठिपकेदार पिंगळ्याचे निघायचे.

उलगडा झाला तो जंगलात नव्हे, संग्रहालयात. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि ब्रिटनचे नायजेल कॉलर यांनी माइनर्टझहागेन यांचे नमुने बारकाईने तपासायला घेतले. मांडवीच्या नमुन्याचा एक्स-रे काढला, आतला कापूस आणि कातडं भरण्याची पद्धत पाहिली. प्रत्येक संग्राहकाचा हात त्याच्या कामात उतरतो, जसा शिंप्याचा टाक्यात. या नमुन्यात हात दिसत होता तो डेव्हिडसन यांचा. त्यांनीच खानदेशात मिळवलेला, ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला असा तो पक्षी होता. 1914 ची नोंद बाद झाली.

मला या सगळ्या कथेत हीच जागा सर्वांत अस्वस्थ करते. जातिवंत अभ्यासक ज्या नोंदीवर विसंबून रान तुडवत होते, ती नोंदच बनावट होती. एखादी जात नामशेष झाली असं मानलं गेलं की तिच्या रानासाठी भांडायला कोणी उरत नाही. आणि नेमक्या याच दशकांत सातपुड्यातलं जंगल झपाट्याने तुटत होतं.

खोटी नोंद बाजूला सारल्यावर मात्र खरी ठिकाणं स्पष्ट झाली. नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट भारतात आले. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा धुंडाळल्या, तिथे पक्षी मिळाला नाही. मग डेव्हिडसन यांच्या खानदेशात, शहाद्याजवळच्या रानात, 25 नोव्हेंबरच्या सकाळी रानपिंगळा समोर आला. उघड्या फांदीवर, भर उजेडात.

त्यानंतरचं काम बरंचसं भारतीय अभ्यासकांचं आहे. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांच्या पाहणीत चार ठिकाणी मिळून 25 पक्षी आढळले. तोरणमाळ, मेळघाट ही नावं तेव्हापासून रानपिंगळ्याशी जोडली गेली. गिरीश जठार, प्राची मेहता, जयंत कुलकर्णी यांनी मेळघाट, यावल, खंडवा या पट्ट्यात वर्षानुवर्षं काम केलं. 2014 मध्ये तर तो मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या अभयारण्यात सापडला, सातपुड्यापासून कितीतरी दक्षिणेला. डांगच्या पूर्णा अभयारण्यातूनही नोंद आली. जनुकीय अभ्यासाने आणखी एक जुना प्रश्न सोडवला: स्वतंत्र प्रजातीत, म्हणजे जातींच्या वेगळ्या गटात, ठेवलेला हा पक्षी ठिपकेदार पिंगळ्याच्याच गटातला निघाला.

आता स्थितीचा प्रश्न. धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत रानपिंगळा दीर्घकाळ 'अतिसंकटग्रस्त' होता. 2018 मध्ये तो 'संकटग्रस्त' या एक पायरी खालच्या, म्हणजे कमी धोक्याच्या, गटात आला. बातमी वाचून अनेकांना वाटलं की पक्षी वाढले. तसं नाही. नवी ठिकाणं सापडली, म्हणून अंदाज बदलला. प्रौढ पक्षी 250 ते 999 इतकेच असावेत, असा तो अंदाज आहे, म्हणजे सगळ्या जगात हजारही नाहीत. वाढलं ते आपलं ज्ञान. पक्ष्याचं रान वाढलेलं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे, म्हणजे कागदावर वाघाइतकंच संरक्षण.

प्रत्यक्षात त्याचं सगळं अडतं ते ढोलीपाशी. रानपिंगळा स्वतः ढोली कोरत नाही. जुन्या झाडातली आयती पोकळी त्याला लागते. हिवाळ्यात वीण सुरू होते, मादी ढोलीत अंड्यांवर बसते आणि नर तिला भक्ष्य आणून देतो. सरपणासाठी किंवा शेतीसाठी रान मोकळं करताना आधी तुटतं ते नेमकं जुनं, पोकळ, 'निरुपयोगी' झाड. त्यात उन्हाळ्यातले वणवे. शिवाय घुबड अशुभ, किंवा जादूटोण्याला उपयोगी, या समजुतीपायी अंडी आणि पक्षी दोन्ही जातात. याचा दोष सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल किंवा कोरकू माणसांवर टाकून शहरातल्या आपण मोकळं होऊ नये. घुबडाचा हा व्यापार शहरांतल्या गिऱ्हाइकांवरही चालतो.

तानसा, यावल, मेळघाट ही रानं नकाशावर एकाच रंगात दिसतात. मधली अंतरं शेतांनी, रस्त्यांनी, वस्त्यांनी भरलेली आहेत, आणि रानपिंगळा लांबचा प्रवास करणारा पक्षी नाही. बसना आणि खरियारच्या रानात, जिथे तो पहिल्यांदा माणसाच्या हाती लागला, तिथे 1997 च्या मोहिमेला तो दिसला नव्हता.